खांब नंबर सत्तावीस

सत्तराव्या मिनिटाला
मी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो
आणि सावरटोल्याचा तो काटकुळा पोरगा
माझ्या बाजूनं निघून गेला,
बंडीच्या बाजूनं फटफटी जाते तसा.

गोल.

कुणी काही बोललं नाही.
आमच्या गोलाची जाळी म्हणजे ढिवरांचं टाकून दिलेलं जाळं,
दोऱ्यांत अजून खवले चिकटलेले.
शालिकनं त्यातून चेंडू सोडवला
आणि माझ्याकडे न बघता मधे फेकला.
ते न बघणं
घरी आलं माझ्यासोबत, जेवायला बसलं.

मी लाइनमन. वय एकतीस. खेळतो डावा बॅक.
आठ मीटरच्या खांबाला मला शिडी लागत नाही,
वादळात, अंधारात, दातात पकड धरून चढतो.
उंचीनं मला कधी दमवलं नाही.
दमवलं ते सपाटीनं.

नहराच्या पाळीवरून पंपांची लाइन जाते,
खांबाखांबात पन्नास मीटर.
आकडे मीच रंगवलेले, पिवळ्या रंगात,
सतराव्यावरचा सात घाईत उलटा आलाय.
आजवर त्यांच्याकडे मान वर करून बघितलं.
आता त्यांच्या बुडाशी बघत पळतो.

पहिल्या दिवशी चौथ्या खांबाशी
रात्रीचा भात बाहेर आला.
दुधराम म्हशी घेऊन चालला होता, थांबला.
"कायले पयतं बे एवढ्या सकारी?
शॉक बसला का?"
म्हशींनीही थांबून बघितलं. त्या जास्त वेळ.

मग सात. मग नऊ.
मग ताप, पुन्हा सहा.
धानकापणीत तीन आठवडे काहीच नाही,
रात्रभर फॉल्ट, सकाळी डोळे उघडेनात,
आणि परत चौथ्यापासून सुरुवात.
दम पेटीत ठेवता येत नाही.
ठेवला की उडतो, कापरासारखा.

डोमाजी सर आता काठी घेऊन मैदानाच्या कडेला बसतात.
म्हणाले, "पयता पयता बोलता आलं पायजे.
बोलता येत नसन, तं तू उगाच जोरात पयतं."
म्हणून मी बोलतो. खांबांशी.
अकराव्याला सांगतो साहेबाची कटकट,
पंधराव्याला, की छोटीला बारीक ताप आहे,
वीसच्या पुढं फक्त आकडे उरतात,
आणि सुकेशनी म्हणते, झोपेतही तेच.

आणि इच्छा?
ती आमच्या फीडरसारखी,
येते रात्री दोनला, जाते पाचला.
विहारात वंदना सुरू व्हायच्या आत बूट घालायचे असतात
आणि त्या वेळी ती हमखास गेलेली असते.
मी अंधारात नाड्या बांधतो.
बोटांना येतं ते. तिला विचारत नाही.

माघात पुन्हा सावरटोला. तेच मैदान,
कापलेल्या बांधीचे खुंट बुटाखाली टोचणारे.
सत्तराव्या मिनिटाला तो पोरगा पुन्हा सुटला.
मी मागं. एक खांब मागं,
अर्धा,
मग एवढा जवळ
की मला त्याचा श्वास ऐकू आला.

तो धापत होता.
भात्यासारखा, माझ्यासारखा, तोंड उघडं टाकून.
वर्षभर मला वाटलेलं, त्याला दम लागतच नाही.

चेंडू मी काढला की त्याच्याच पायातून निसटला,
नीट सांगता येणार नाही.
बाहेर गेला, मोहाच्या झाडाखाली.
आम्ही दोघंही वाकून उभे, हात गुडघ्यांवर,
आणि तो म्हणाला, "दादा, पानी आहे का?"

सामना बरोबरीत सुटला.
शालिकनं माझ्याकडे बघितलं, शिवी घातली एक, हसला.

दुसऱ्या दिवशी पाय लाकडासारखे.
तरी गेलो, चालतच,
सत्तावीसपर्यंत.
तिथं नहर वळते आणि लाइन संपते,
पुढं दुसऱ्याची हद्द.
त्याचे खांब लांबून दिसत होते,
त्यांवर आकडे नव्हते.