पक्षिणी बसल्या आहेत तोवर

मे महिन्यात या बेटावर कुणी हातोडा चालवत नाही.
कुत्री बांधलेली. मुलं कुजबुजत भांडतात.
ऊलेउग, माझ्या नवऱ्याची आत्या,
रोज तोच राखाडी स्वेटर घालते, कोपरावर विरलेला,
कारण आयडरची मादी माणूस ओळखत नाही, स्वेटर ओळखते.
वेगळा रंग दिसला की उठते,
आणि उठली की कधी कधी अंड्यांकडे परत येतच नाही.

हॉकुन म्हणाला होता, जा, तिथे शांत असतं.

बंदरावरच्या बाया विचारायच्या,
सुटलीस ना सुखरूप?
मी हो म्हणायचे.
बाबागाडीत सिव्ह, गुलाबी, साडेतीन किलो.
सुटली ती.
मी अजून त्या टेबलावर होते.
डिशवॉशर बीप वाजला
की हातातली बशी ठेवून जमिनीवर बसायचे,
तसंच वाजत होतं काहीतरी
वार आत अडकली तेव्हा,
आणि कुणी कुणाला तरी म्हणालं, अजून दोन पिशव्या, लवकर.
माझ्याशी कुणीच बोललं नाही.
छताचे चौकोन सोळा होते.
एकावर ओल आली होती.

मार्चमध्ये तोरुननं, सुईणीनं, बोलावून घेतलं.
थर्मास, दोन कप, माझ्या रात्रीचे कागद.
ती वाचत गेली मिनिटामिनिटानं.
तीन बारा, रक्तस्राव.
तीन सव्वीस, भूलतज्ज्ञ आले.
तीन चाळीस, आई हाकेला ओ देत नाही.
इथे थांबली.
म्हणाली, ही ओळ माझी. बघ, आकडा खोडलाय.
चाळीसच्या खाली पुसट अडतीस होते.
त्या दोन मिनिटांचा हिशेब
तिलाही लागला नव्हता.
बाळ ठणठणीत आहे, तेच महत्त्वाचं,
असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, मी घाबरले होते.
आणि कॉफी ओतली, बरीचशी कपाबाहेर.

बरं वाटलं असं नाही.
चार दिवस चिडचिड केली, हॉकुनवर जास्त.
दाराशी उभा राहून त्यानं सगळं पाहिलं होतं
आणि घरी येऊन पाळण्याचे स्क्रू आवळत बसला होता.
पाचव्या दिवशी मी विचारलं, काय दिसलं तुला?
तो म्हणाला, तुझे पाय. मोजे होते एका पायात.
मग आम्ही दोघं रडलो, त्या एका मोज्यावरून.

इथे मला काम आहे.
समुद्रशेवाळ वाळवायचं, हातानं पिंजायचं,
वाहून आलेल्या फळ्यांच्या घरकुलांत अंथरायचं.
वरचा मऊ थर मादी स्वतः घालते,
छातीची पिसं उपटून.
ऊलेउग हे सांगते ते मीठ संपलंय सांगावं तसं.

बुधवारी उलट्या होडीखालची एक उठली.
मीच शिंकले होते.
ती थेट पाण्यावर, मागे वळूनही नाही.
पाच अंडी, हिरवट, उघडी.
माझ्या पोटात कळ आली, टाक्यांच्याही खालून.
मलाही अकराव्या दिवसापर्यंत पान्हा फुटला नव्हता,
आणि मी सिव्हला घ्या, घेऊन जा, म्हणाले होते,
खोलीत कोण होतं न बघता.
ऊलेउगनं पिसं अंड्यांवर ओढली.
येईल. किंवा नाही येणार, म्हणाली.
शिव्या नाही देत आम्ही त्यांना.
तिनं काहीतरी पाहिलं असेल.

संध्याकाळी मी होडीपर्यंत गेले नाही.
लांबूनच वळले.

आता मलाही एक स्वेटर मिळालाय,
बाह्या बोटांवर येणारा, मोसम संपेतो बदलायचा नाही.
खांद्यावर सिव्हच्या दुधाचा डाग, आंबूस.
पहाटे ती टाहो फोडते,
अख्ख्या बेटावर तेवढाच मोठा आवाज,
मी खिडकीशी धावते, आता सगळ्या उठणार,
पण एकही मान हलत नाही.
सवय झाली त्यांना, ऊलेउग भिंतीपलीकडून म्हणते.
मी सिव्हला उचलते.
डाव्या बाजूला आधी, तिकडे दूध कमी आहे.