नॉइज गेट

सव्वीस किलो. वजन आधी सांगतो,
बाकी सगळं त्याच्यामागून येतं.
निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी,
लग्नं, हळदी, एकदा गोकाकात पेट्रोल पंपाचं उद्घाटन,
दर वेळी कंडक्टरनं अँपचं वेगळं तिकीट फाडलं
आणि मला उभं ठेवून त्याला सीट दिली.

जयवंत आला विटेएवढी पेटी घेऊन.
"ह्यात दोनशे अँप आहेत की, मामा."
हातात घेतली. दोनशे अँपचं वजन
कुंद्याच्या किलोच्या डब्याएवढं.

खोटं कशाला बोलू, आवडली.
रात्री अकराला हेडफोन लावून
वाट्टेल तेवढं डिस्टॉर्शन ओढलं
आणि विजयमाला कूस न बदलता झोपली,
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.
माइक नको, हॉलवाल्याची कटकट नको,
केबल सरळ मिक्सरात.
संकेश्वरला जो आवाज तोच खानापूरला,
हवा दमट असो की धुळीची.
कंबर तर सगळ्यात खूश.

पण दोनशे अँपचं माणसानं करायचं काय?
पहिला आठवडा एक गाणं पुरं वाजवलं नाही,
नुसता चाळत बसलो.
ताटात दोनशे चटण्या, भाकरी वाढायचीच राहिली.
आणि हुक्केरीत ऐन रिसेप्शनमध्ये व्होल्टेज पडलं,
तर पेटी बंद पडून परत उठायला अडतीस सेकंद.
अडतीस सेकंद मी गिटार धरून हसत उभा.
जुन्याचं तसं नव्हतं.
दिवे मंदावले की त्याचाही गळा दाटायचा,
आवाज जरा खाली बसायचा,
लोकांना वाटायचं, हा जीव ओतून वाजवायलाय.

त्याच्या पोटात रेडिओ होता.
म्हणजे नव्हता; कुठली तरी वायर
आभाळातलं ओढून घ्यायची.
संध्याकाळी सातनंतर, दोन सुरांच्या मधल्या फटीत
धारवाडच्या कन्नड बातम्या,
त्यांच्याखाली बारीक, सांगलीचे भाव:
हळद, गूळ, बेदाणा.
एकाच स्पीकरात दोघं, एकमेकांना न ढकलता.

खडेबाजारात चन्नवीरप्पाकडे नेला दुरुस्तीला.
त्यानं मागची फळी काढली, कान लावला,
बराच वेळ लावूनच बसला.
मग स्क्रू होते तसे आवळले.
"छलो माल ऐत्री," म्हणाला. "बिडी. राहू दे की तसंच."
पैसे घेतले नाहीत.

हुबळीच्या पोरानं मात्र लगेच ओळखलं.
"अंकल, ह्यात फॉल्ट आहे."
दोन हजार कमी केले मी.

न्यायच्या आधी जयवंत म्हणाला, थांबा,
ह्याचा आवाज काढून ठेवू.
समोर माइक लावला.
पेटीनं अँपात शिट्ट्या घातल्या, खरखर घातली,
काय परत येतंय ते पाच मिनिटं ऐकलं,
नवा डॉक्टर जुन्या पेशंटला ऐकतो तसं, घाईनं पण नीट.
झालं, म्हणाली. एक्केचाळीस नंबर.

एक्केचाळीस नंबर हुबेहूब आहे.
डोळे मिटून ऐकला तर मला फरक कळत नाही,
आणि मला कळत नाही तर कुणाला कळणार.
फक्त सात वाजले की वाजवता वाजवता थांबतो.
सवय.
थांबलं की नॉइज गेट पडतं.
मग मागे काही उरत नाही,
खोलीसुद्धा नाही.

काल मेनूत शिरून गेट काढून टाकलं,
सगळे आकडे शून्यावर आणले.
एक सळसळ आली, बारीक, सगळीकडून सारखी.
तिला गाव नव्हतं.
तरी ऐकली थोडा वेळ.

उद्या संकेश्वरला हळद.
बॅग पाच मिनिटांत भरून झाली.
बसला अजून दोन तास आहेत,
पूर्वी ते अँप जिन्यावरून उतरवण्यात जायचे.