पाण्यात पाहणं

वादळ ओसरलं की दुसऱ्या सकाळी
लिएपायाच्या आमच्या प्रयोगशाळेबाहेर रांग लागते.
कुणाकडे काकडीच्या लोणच्याची बरणी,
कुणाच्या मोज्यात गाठ मारलेलं काही,
एकदा एकाने बायकोच्या पोहण्याच्या टोपीत आणलं होतं.
प्रश्न एकच : "हे तेच ना?"
ते म्हणजे तृणमणी.
दुसरं काही असू शकतं
हे घरून निघताना कुणी धरूनच चालत नाही.

मी आउस्मा. गेली एकवीस वर्षं
गावातल्या प्रत्येकाला पाण्यात पाहते आहे
आणि अजून कुणाशी वैर नाही.

रीत साधी. लिटरभर पाणी, तीनशे ग्रॅम मीठ,
ढवळायचं, गढूळपणा बसू द्यायचा.
तृणमणी तरतो.
काच जाते खाली, गारगोटी जाते,
बेकेलाइटचा मणी बुडतो तो जरा रेंगाळत,
चुकून आलेल्या पाहुण्यासारखा.
कोवळी राळ मात्र तरते, तिथे माझं मीठ फसतं.
मग अ‍ॅसिटोनचा एक थेंब.
बोटाला चिकटली, तर राळ.

आमचा समुद्र अळणी.
त्यात एवढं मीठ नाही की तृणमणी आपण होऊन वर येईल.
तो तळाशी लोळत पडतो वर्षानुवर्षं
आणि कुणी ढवळून काढलं तरच किनारा पाहतो.
माझे वडील असेच होते. असो.

काल रेनार्स आला. वय नऊ. शाळा बुडवून.
हातात स्प्रॅट माशांचा रिकामा डबा,
डब्यात ओली वाळू,
वाळूत बोराएवढा, मधाच्या रंगाचा खडा.
मी हातमोजे चढवले.
"खिशात नाही ठेवलास?"
"व्हेल्टामावशी म्हणाली, ओला ने, डब्यात ने,
आणि पळू नकोस."
व्हेल्टाच्या मांडीवर एक बेट आहे
गुळगुळीत, गुलाबी, झग्याच्या खिशाच्या आकाराचं.
तिने ते मला एकदाच दाखवलं, सॉनामध्ये,
आणि लगेच वाफेसाठी दगडांवर पाणी ओतलं.

याला कोरडं होऊ द्यायचं नसतं,
म्हणून हवेतलं वजन नाही.
तराजूवर पाण्याचा बीकर, आकडा शून्यावर,
चिमट्याने खडा आत :
तीन पॉइंट चौसष्ट.
मग मोजपात्र. पाणी चढलं दोन मिलिलिटर,
मी डोळा रेषेला लावून दोनदा पाहिलं.
भागाकार रेनार्सने केला, फळ्यावर,
जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून.
एक पॉइंट ब्याऐंशी.

तृणमणी एवढा जड नसतो कधीच.
हा फॉस्फरस.
कुठल्या बॉम्बमधला, कुणी कुणावर टाकायला भरलेला,
ते आकडा सांगत नाही. आकड्याला सैन्य नसतं.
वाळत आला असता, तर खिशातच पेटला असता.

"म्हणजे तृणमणी नाही?"
"नाही."
"मग काहीच नाही?"

एकवीस वर्षांत हा प्रश्न
मला मोठ्या माणसांनीच जास्त विचारला आहे.
"काहीच नाही असं काही नसतं," मी म्हटलं,
आणि ते फार शहाण्यासारखं वाटलं म्हणून
घाईघाईने फोन लावला अग्निशमनवाल्यांना.

ते येईपर्यंत त्याने खिसे उलटे केले.
कोटाचं बटण, तरलं. खोडरबर, बुडलं.
मग कागदात गुंडाळलेला, परवाच पडलेला
एक दुधाचा दात.
तो सरळ तळाला गेला, टक् असा आवाज करून.
"हे काय आहे मग?" त्याने विचारलं, अगदी गंभीर.
"दात," मी म्हणाले.
त्याचं समाधान झालं.

संध्याकाळी नोंदवही भरली.
नमुना चारशे सतरा. पिवळसर, मेणचट.
घनता : वर दिल्याप्रमाणे.
आणणारा : रेनार्स, इयत्ता तिसरी.
शेऱ्याच्या रकान्यात मी सहसा काही लिहीत नाही.
लिहिलं :
खिशात ठेवला नाही.