पट्टा सोडून

हुद्दा बदलला तेव्हा एन्दलाला मिळालं
नवं ओळखपत्र, भिंतभर पांढरा फळा,
आणि एक रिकामपण:
बारा वर्षं ज्या कोडमध्ये तिचे हात कोपरापर्यंत होते
तो आता दुसऱ्यांचा.

पहिला महिनाभर तिने चौकोन काढले.
सुबक. एकही बाण दुसऱ्याला छेदत नव्हता.
हिउमा बेटाकडे जाणाऱ्या बोटीचं तिकीट
या चौकोनातून त्या चौकोनात,
तिथून बँकेत, तिथून धक्क्यावरच्या फाटकाशी.
चित्रात कुणाचाही पाय घसरत नव्हता.

वाल्दुर जुनी यंत्रणा एकहाती सांभाळायचा,
उन्हाळ्यात निवृत्त होणार होता.
कॉफी गार होईपर्यंत फळ्यासमोर उभा राहिला.
"छान," म्हणाला. "बाण मेला तर?"
"कुठला?"
"कुठलाही. तू निवड."

तिने रात्री निवडला, दात घासताना.
बँकेचा.
बँक नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही,
नुसती गप्प बसते.
आणि जूनमध्ये, बेटावर शेकोट्या पेटायच्या संध्याकाळी,
रोहुकुलाच्या धक्क्यावर गाड्यांची रांग,
डिकीत मसाला लावलेलं मांस, मागे चिडलेली पोरं,
पैसे गेले की राहिले कुणालाच कळेना,
म्हणून जो तो पुन्हा बटण दाबतो.
पुन्हा.
पुन्हा.

नकार पचवता येतो, तिने वहीत लिहिलं.
मौनाचं काय करायचं?

फेब्रुवारीत समुद्र गोठला,
बर्फावरचा रस्ता खुला झाला.
वाल्दुरने तिला आपल्या गंजक्या गाडीत घातलं.
अडसरापाशी एर्मो नावाचा माणूस, नाकाला थेंब,
गाडीचं वजन विचारतो, वेळ टिपून घेतो, म्हणतो,
"पट्टे सोडा."
तिला वाटलं चुकून म्हणाला.
"बुडालात तर बाहेर पडता आलं पाहिजे."

पंचवीसच्या खाली चालवा, नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगाला बर्फाखाली लाट उठते
आणि तुमच्याच बरोबरीने धावते.
पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर. थांबायचं नाही.
"जाडी किती आहे?" तिने विचारलं.
"सकाळी मोजली तेवढी," एर्मो म्हणाला,
"उद्याची उद्या मोजीन."

दोन्ही बाजूंना बर्फात खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या.
मध्येच एक भेग, लांबलचक, उघड,
तिच्यावर फळ्यांचा पूल.
भेग कुणी लपवली नव्हती.
तिच्या दोन्ही टोकांना फांदी होती, एवढंच.

सोमवारी तिने अर्धा फळा पुसला.
बाणांवर आकडे आले:
किती सेकंद वाट पाहायची, किती वेळा विचारायचं,
मग कुणाला झोपेतून उठवायचं.
चित्र कुरूप झालं. तिला बरं वाटलं.
वाल्दुरच्या जुन्या कोडमध्ये एक टीप सापडली:
"ही ओळ काढू नका. का, ते विसरलो."
ती तीन दिवस त्या "का"च्या मागे हिंडली,
सापडल्यावर खाली तारखेसकट लिहून ठेवलं.
वाल्दुरने वाचलं, कान खाजवला.
"हो की," म्हणाला.

जून. बँक अकरा मिनिटं गप्प.
फाटक तरीही उघडत राहिलं,
उधारी मागच्या वहीत साचत गेली,
बोट सुटली.

सात जणांचे पैसे दोनदा कापले गेले.
सातही नावं तिने स्वतः वाचली,
सातही पत्रं स्वतः लिहिली.
त्यातलं एक नाव वाल्दुरचं.

त्याचा फोन आला, मागे वारा, पोरांचा कालवा.
"दुसरे पैसे परत नकोत," म्हणाला,
"पण कुठली भेग होती ते सांग."

ती फळ्यापाशी गेली.
फांदी खोचायला खडू शोधू लागली,
मग आठवलं, इथे खडू चालत नाही.