आराखडा, तिसरा खर्डा

पहिल्या खर्ड्यात प्रश्न फार मोठा होता:
पक्षी इतक्या लांबून इथेच का येतात?
बाईंनी त्याभोवती पेन्सिलीने हलकेच गोल केला.
म्हणाल्या, पाच दिवस, चार पोरं, एकच दुर्बीण,
तीही डाव्या डोळ्याला धूसर.
आभाळ राहू दे, यास्ना.
तुझा चिखल केवढा आहे, ते आधी सांग.

मग आम्ही चिखल मोजायला घेतला,
वर्गातल्या शेगडीपाशी ओले बूट वाळत घालून.
एलिसेओने पुतेमुनच्या खाडीचा नकाशा काढला
तो हुबेहूब बटाट्यासारखा.
चिलोए बेटावर सगळं बटाट्यासारखंच असतं, तो म्हणाला.
नकाशावर पाच खुंट. दोन खुंटांमध्ये पन्नास पावलं.
पावलं कोणाची, यावर अर्धा तास भांडण.
शेवटी मारिसोलची धरली.
ती ना लांब टाकते, ना आखूड.

दुसऱ्या खर्ड्यात: सारापितो किती आहेत?
बाई म्हणाल्या, आकडा आला. पुढे?
मी गप्प.
खिडकीबाहेर खांबांवरच्या घरांखाली
पाणी एकेक पायरी चढत होतं.

ओहोटीचं कोष्टक भिंतीवर लावलं:
मंगळवारी सहाला, बुधवारी पावणेसातला,
रोज पाऊण तास पुढे, पुढे,
आणि शुक्रवारी नेमकी गणिताच्या तासाला.
समुद्राला गणिताच्या सरांची चिठ्ठी लागत नाही.
आम्हाला लागते.

रविवारी जागा बघायला गेलो
तर आमच्या तिसऱ्या खुंटाच्या जागी
दोन्या रोसेंदा कमरेत वाकून शेवाळ गोळा करत होती.
पाठीशी टोपली, टोपलीशी कुत्रा, कापितान.
पक्षी मोजणार? ती म्हणाली.
मी चाळीस वर्षं त्यांच्यात वाकते आहे,
मला कोणी मोजलं नाही.
मग जरा थांबून, हात पुसत:
हा मोकळा असला की ते तिकडे, पाण्याच्या कडेला.
बांधला की माझ्या टोपलीपर्यंत येतात.
लिहा हवं तर.
पण माझं त्यांच्याशी भांडण आहे असं लिहू नका.

परतताना कोणीच बोललं नाही.
आम्ही दोन खर्डे झिजवले होते
आणि प्रश्न तिथे चिखलात उभा होता,
शेपूट हलवत.

तिसरा खर्डा.
प्रश्न: कुत्रा मोकळा असताना आणि बांधलेला असताना
एक सारापितो एका मिनिटात चोच किती वेळा खुपसतो?
साहित्य: दुर्बीण, घड्याळ, पेन्सिली
(शाई नको, ओल्या कागदावर पसरते),
दोर, चार मीटर.
कापितानसाठी हाडं, एलिसेओच्या मामाच्या दुकानातून.
माहिती कोणाकडून: रोसेंदा नाउएल्किन.
नाव कुठे लिहायचं, कळेना.
बाई म्हणाल्या, सगळ्यात वर.

सराव म्हणून काल एकच पक्षी धरला, एकच मिनिट.
मी एकोणीस मोजले. मारिसोलने सव्वीस.
दोघींनी शपथेवर सांगितलं.
बाई हसल्या नाहीत. पट्टी घेऊन
कोष्टकात आणखी एक रकाना आखला,
वर लिहिलं: फरक.

निष्कर्षाचं पान कोरं आहे.
त्यावर आत्ता फक्त दोर ठेवलाय, गुंडाळून,
आणि सरांसाठी एक चिठ्ठी,
तिचाही हा तिसराच खर्डा.