टोस्टचा डबा

मतपेटी म्हणून घरचा टोस्टचा डबा नेला.
झाकणाला चीर पाडली ती मीच, हॅक्सॉने.
कल्पना खवणेकरांची:
"होऊ दे की मतदान. आपल्यातही लोकशाही आहे
हे दिसू दे एकदा वरच्यांना."
तीन टर्मचा नगरसेवक मांडी हलवत, हसत बोलतो
तेव्हा नाही कोण म्हणणार?

कांजूरच्या ऑफिसात एकोणऐंशी कार्यकर्ते.
चिठ्ठ्या गेल्या निवडणुकीच्या हँडबिलांच्या, पाठकोऱ्या.
म्हणजे प्रत्येकाने नाव लिहिलं
ते त्यांच्याच हसऱ्या चेहऱ्याच्या पाठीवर.

पेढे आधीच आलेले, पाच किलो.
दादरचे निरीक्षक घड्याळ बघत होते.
चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखा बंद.
मी वाचत होतो:
खवणेकर, खवणेकर, गमरे, खवणेकर,
गमरे,
गमरे,
गमरे.

अडतीस. एक्केचाळीस.
पुन्हा मोजलं. तेवढेच.

शर्वरी गमरे, पॅथॉलॉजीत रक्त काढणारी पोरगी.
दोन वर्षं तिने फक्त एक वही ठेवली,
टँकर कुठल्या गल्लीत आला, कुठल्या नाही.
ती उभीच राहिली. कुठे बसावं कळेना तिला.

खवणेकरांनी स्वतः खोकं उघडलं.
पहिला पेढा तिला, दुसरा मला.
विचारलं काहीच नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री फोन सुरू झाले. भांडुप, मुलुंड, घाटकोपर,
सगळे आपलेच नगरसेवक.
सांत्वनाची दोन वाक्यं, मग आवाज खाली:
"ते डब्याचं खूळ कोणाच्या डोक्यातलं?
आमच्या वॉर्डात नको हं असलं काही."
विरोधकांना हे लोक इतके कधी घाबरले नव्हते.
साडेअकराला दादरहून निरोप:
निकाल विचाराधीन. चिठ्ठ्या जाळून टाका.

जाळायच्या आधी एकदा चाळल्या.
माझी सापडली.
बावीस वर्षं त्यांची भाषणं लिहिली मी,
माझं अक्षर ते झोपेतही ओळखतील,
म्हणून डाव्या हाताने लिहिलं होतं.
तरी 'ग'चा काना तसाच, माझ्यासारखा,
जरा मागे झुकलेला.

डबा घासून बायकोला परत दिला.
तिने चिरेतून बोट फिरवलं.
म्हणाली, आता यात टोस्ट सादळणार.