पान सत्तावीस

परिपत्रक मंगळवारी आलं, चहाच्या वेळेला.
सहा ओळी. चौथीत मजकूर:
जानेवारीपासून एक वर्षाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना
अवलंबितांना सोबत आणता येणार नाही.
अवलंबित.
नवरा नाही, बायको नाही, लेकरू तर नाहीच,
खुंटीवर ओले कोट टांगून ठेवावेत
तसा तो शब्द.

ग्लेनिसनं माहितीपुस्तिका माझ्या टेबलावर आदळली.
पान सत्तावीस, म्हणाली. त्याचं काहीतरी बघ,
शुक्रवारी छापायला जायचंय.

पान सत्तावीसवर फोलाशादे आहे,
सार्वजनिक आरोग्य, दोन वर्षांपूर्वीची तुकडी,
आणि तिच्या खांद्यांवर टोबी,
पिवळ्या रेनकोटात, समुद्राकडे पाठ करून.
फोटो मीच काढलेला. वेल्सचा वारा असा सुटला होता
की तिघांच्याही डोळ्यांत पाणी,
वाऱ्याचंच, दुसरं काही नाही.
खाली ठळक अक्षरांत: तुमचं घर, समुद्राकाठी.
त्या ओळीतल्या स्वल्पविरामावर
समितीची अख्खी बैठक खर्ची पडली होती.

तर मी टोबीला काढायला बसलो.
रेनकोट सहज निघाला, पिवळ्याच्या जागी आभाळ आलं.
बूट निघाले.
तिच्या केसांत रुतलेली बोटं
एकेक करून सोडवावी लागली, पाऊण तास गेला.
घोटा शेवटी.
घोटा गेला, पण घोटा धरलेला हात राहिला,
खांद्याशी, मूठ घट्ट,
आत काही नाही.

पाच वाजता मी तिला एका बॅगेचा पट्टा दिला.
निळा. विद्यापीठाच्या रंगाचा.

त्यानंतरचं सगळं हळूहळू कळत गेलं, थंडी चढते तसं.
डोंगराकडच्या शाळेतून एम्रिस मास्तरांचा फोन:
बालवर्गाच्या दोन तुकड्यांची एक करतोय,
तुमच्याकडून यंदा कुणी येणार आहे का?
हेमिननं यामची पोती निम्म्यावर आणली,
कच्ची केळी मागवणंच सोडलं.
वसंतात भूगर्भशास्त्र बंद करायचं ठरलं.
चौतीस वर्षांचा विभाग, पाच प्राध्यापक,
तळघरात स्लेटच्या लाद्यांनी भरलेली कपाटं.
आपण फोलाशादेच्या फीवर चालतो,
हे भूगर्भशास्त्राला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

टीव्हीवर मंत्री समाधानी दिसले. आकडा खाली आला होता.
आमच्या पबात टाळ्या वाजवणारेही होतेच,
त्यातल्या एकाच्या वरच्या दोन खोल्या
नोव्हेंबरपासून रिकाम्या आहेत.
तो म्हणतो, त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

मार्चमध्ये ग्लेनिस इबादानला जाऊन आली.
तोच हॉटेलचा हॉल. पूर्वी रांग लिफ्टपर्यंत जायची.
या खेपेला शेजारच्या टेबलावरचे आयर्लंडवाले
अधूनमधून तिला बिस्किटं देत होते,
आजाऱ्याला द्यावीत तशी.
दुपारी एक बाई आली, फाइल छातीशी धरून.
पान सत्तावीस उघडलं. बराच वेळ पाहत राहिली.
मग आपला हात तसाच खांद्याशी नेला,
बोटं मिटून पाहिली,
आणि विचारलं,
पट्टा असा धरतं का कुणी?
पोर कुठाय?

मूळ फोटो मी पुसलेला नाही.
'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये आहे,
कुणी मागितलेला नाही.

मग तू काय म्हणालीस, मी ग्लेनिसला विचारलं.
ती कप विसळत होती, पाठमोरी.
म्हणाली, काय म्हणणार.
सांगितलं, त्या दिवशी वारा फार होता.